मदत हवी आहे : अभ्यासिकेच्या अनुदान प्रस्तावात स्वयंसेवकांवरचा खर्च कसा मांडावा?

गोदाकाठ :

नमस्कार. नाशिकमधील सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या कामगार वस्त्यांमध्ये आमची एक लहान नोंदणीकृत संस्था संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. घर एका खोलीचे, वडील दुसऱ्या पाळीला, आई नुकतीच कामावरून परतलेली आणि त्याच खोलीत धाकट्यांचा गोंधळ, अशा घरांतील आठवी ते दहावीच्या मुलांना रोज दोन तास शांत जागा, पुरेसा उजेड आणि अडले तर विचारायला एक मोठे माणूस मिळावे, एवढाच या कामाचा उद्देश आहे. जागा समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या खोल्यांत मिळते. शिकवण्याचे काम महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, काही निवृत्त शिक्षिका आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काही जण विनामोबदला करतात. आजवरचा खर्च वर्गणी, दिवाळीतील देणग्या आणि परिसरातील काही डॉक्टर व दुकानदार यांच्या मदतीवर भागला.

आता दोन शक्यता समोर आहेत. जवळच्याच एका कंपनीने सामाजिक उत्तरदायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, मदत देण्याची तयारी दाखवली आहे आणि मुंबईतील एका खासगी धर्मादाय न्यासाने प्रस्ताव मागवला आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बोलताना बाके, कपाटे, संगणक आणि नामफलक यांवर सहज सहमती होते. परंतु मनुष्यबळाचा विषय निघाला की कायद्यानुसार पाच टक्क्यांहून अधिक प्रशासकीय खर्च देता येत नाही, असे उत्तर मिळते. आमची खरी गरज मात्र तिथेच आहे. सगळ्या अभ्यासिकांचे वेळापत्रक सांभाळणारा, कोणी आले नाही तर बदली माणूस पाठवणारा आणि पालकांना भेटणारा एक पूर्णवेळ समन्वयक हवा आहे. त्याखेरीज स्वयंसेवकांचा बसभाडे व पेट्रोलचा खर्च, वर्षातून दोन प्रशिक्षणे आणि अपघात विमा एवढ्याच बाबी आहेत. बाके नसली तर मुले सतरंजीवर बसतात. पण शिकवणारा सलग चार दिवस आला नाही तर पाचव्या दिवशी मुलेही येत नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. पाच टक्क्यांची ही मर्यादा खरोखर आमच्यासारख्या अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला लागू होते का? काही स्वयंसेवकांना मानधन दिले आणि इतरांना दिले नाही, तर काम टिकते का? आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींचे पालक त्याच कंपनीत कामाला आहेत. त्यावरून पुढे आक्षेप निघू शकतो का? संस्थेची नोंदणी, आयकराच्या नोंदण्या (जुन्या सवयीने सगळे ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात त्या), दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या संकेतस्थळावरील स्वयंसेवी संस्थांची नोंदणी) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी) ही कागदपत्रे तयार आहेत.

ताळेबंद :

आपला पहिला प्रश्न अनेक लहान संस्थांना छळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार ज्या कंपन्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक पातळी गाठतो, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते, आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित असते. पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे. पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमांतील व्याख्येनेच त्यातून वगळला आहे. म्हणून प्रस्तावात ‘प्रशासकीय खर्च’ असे शीर्षक करून समन्वयकाला त्याखाली घालू नका. अभ्यासिकेत अध्यापन आणि समन्वय हेच काम आहे, तेव्हा ‘प्रकल्प अंमलबजावणी’ या शीर्षकाखाली समन्वयकाचे पद, त्याची कामे आणि मासिक रक्कम स्पष्ट लिहा. कार्यालयाचे भाडे, लेखापालाचे शुल्क वगैरे वेगळे दाखवा आणि ते मोजकेच ठेवा.

कंपन्यांना बाके का आवडतात, याचे एक कारण फोटोत दिसणे हे असेलही. पण दुसरे कारण हिशेबाचे आहे आणि ते समजून घेतले तर बोलणी सोपी होतात. कंपनीने संस्थेला धनादेश दिला एवढ्याने तो खर्च झाला असे मानले जात नाही; संस्थेने ती रक्कम प्रत्यक्ष वापरावी लागते आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाला तसे प्रमाणित करावे लागते. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, पैसे बहुधा जानेवारीनंतर सुटतात, आणि आपल्या अभ्यासिकांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मार्चमध्ये एका बिलात संपणारी वस्तू म्हणजे बाके. समन्वयकाचा बारा महिन्यांचा पगार मार्चमध्ये कसा संपणार? यावर नियमांतच वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने आपला उपक्रम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत त्याची मुदत ठेवता येते, आणि त्या वर्षी न वापरलेली रक्कम कंपनी वर्षअखेरीनंतर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात वर्ग करून पुढे टप्प्याटप्प्याने देऊ शकते. आपण प्रस्तावच बहुवर्षीय स्वरूपात मांडा आणि हे शब्द वापरा; अधिकाऱ्यांना ते ओळखीचे असतात.

मोठी रक्कम मार्चअखेर आपल्या खात्यात पडली, तर आयकरातील ८५ टक्के उत्पन्न त्याच आर्थिक वर्षात उद्दिष्टांवर वापरण्याच्या अटीचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी रक्कम स्वीकारण्यापूर्वी आपल्या लेखापरीक्षकांशी बोलून घ्यावे, नंतर नव्हे.

कंपनीतील कामगारांच्या मुलांबाबत घाबरण्याचे कारण नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी आखलेला उपक्रम सीएसआरमध्ये बसत नाही. सर्वांसाठी खुल्या उपक्रमात त्यांची मुले ओघाने आली तर चालते. प्रवेशअर्जावर पालकांच्या कंपनीचे नाव विचारू नका आणि प्रवेश सर्वांना खुला असल्याचे प्रस्तावात लिहा. कंपनीने आपले कर्मचारी शिकवायला पाठवले तर त्यांचे स्वागत करा, मात्र त्यांच्या तासांची किंमत काढून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असायला हवे.

मुंबईच्या न्यासाविषयी एकच सूचना. त्यांचा पैसा देशांतर्गत आहे का, हे आधी विचारा. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास मनाई आहे, दोघांकडे नोंदणी असली तरीही. शिवाय धर्मादाय आयुक्त कार्यालयातून आपल्या संस्थेचा पीटीआर उतारा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीतील उतारा, काढून पाहा. त्यावरील विश्वस्तांची नावे आणि आज प्रत्यक्ष काम पाहणारे विश्वस्त जुळत नसतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्जाची प्रत प्रस्तावाला जोडावी लागेल. हा मुद्दा बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

निफाडकर :

ताळेबंद यांनी कायद्याची बाजू चोख मांडली आहे. मी माणसांविषयी लिहितो. मानधन आणि खर्चाची भरपाई यांत आपण सुरुवातीलाच रेघ ओढावी. ज्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळते तो संस्थेचा कार्यकर्ता-कर्मचारी. त्याला स्वयंसेवक म्हणून कमी पैशांत राबवू नये आणि स्वयंसेवकांच्या रांगेतही उभे करू नये. उरलेल्या सर्वांना फक्त प्रत्यक्ष झालेला खर्च द्यावा, तोही मागितला तर नव्हे, तर नियम म्हणून, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, व्हाउचरवर सही घेऊन. निवृत्त माणसे संकोचाने मागत नाहीत आणि विद्यार्थी पैसे संपले की कारण न सांगता येणे थांबवतात. दोन्ही गोष्टी मी आमच्या गावातील कामात पाहिल्या आहेत. अर्धवट मानधनाची पद्धत, म्हणजे कोणाला पाचशे, कोणाला हजार, ही मात्र सर्वांत घातक असते, कारण त्या दिवसापासून प्रत्येक जण दुसऱ्याची रक्कम मोजू लागतो.

विम्यासाठी वेगळी गटविमा योजना महाग वाटत असेल, तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत प्रत्येकाची नोंद झाली आहे का, ते पाहावे. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. संध्याकाळी अंबड लिंक रोडवरून दुचाकीने येणाऱ्या विद्यार्थी-स्वयंसेवकांसाठी हे पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

आणखी एक गोष्ट. प्रस्तावात ‘संस्थेचा वाटा’ असा रकाना बहुधा असतो आणि लहान संस्था तिथे शून्य लिहितात. आपण हजेरीवहीवरून स्वयंसेवकांचे वार्षिक तास काढून तिथे तासांतच मांडा. त्याची रुपयांत किंमत करण्याची गरज नाही. देणाऱ्याला एका समन्वयकाच्या पगारामागे किती तासांचे अध्यापन उभे राहते हे दिसले, की तो पगार वायफळ वाटत नाही.

नामफलकाचा विचार मात्र नीट करा. कंपनीचा मोठा फलक लागला की वर्गणी देणारा दुकानदार म्हणतो, आता तुम्हाला काय कमी आहे? अनुदान तीन वर्षांनी संपते. तोवर वर्गणीची सवय मोडलेली असते.

मखमलाबादकर :

संगणक घेण्याआधी समाजमंदिराचे वीजबिल कोण भरते आणि सुटीत कुलूप कोणाकडे असते, ते लिहून घ्या. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता संस्थेच्या नावावर राहू शकते, पण जागा संस्थेची नाही. जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आणि जागेच्या मालकाचे पत्र, दोन्ही हवे. माझे मत विचाराल तर संगणक या वर्षी नकोच म्हणा.

गोदाकाठ :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पीटीआर उतारा मागवला आहे. समन्वयकाचे पद प्रकल्प खर्चात दाखवून कंपनीपुढे तीन वर्षांचा प्रस्ताव ठेवण्याचे आणि संगणकांना तूर्त नकार देण्याचे विश्वस्तांनी मान्य केले. निफाडकर यांचा फलकाचा मुद्दा बैठकीत बराच वेळ चालला. शेवटी असे ठरले की आतील भिंतीवर एकच फलक असावा आणि त्यावर कंपनीच्या नावाबरोबर, त्याच आकाराच्या अक्षरांत, वर्षभर वर्गणी देणाऱ्यांची नावे असावीत. कंपनीला हे रुचेल का, ते कळेलच. वर्गणीची रक्कम अनुदानाच्या काळात खर्च न करता स्थायी निधीत टाकावी, असाही विचार आहे. मात्र काही विश्वस्तांच्या मते वर्गणीतून चालू खर्चाचा काही भाग भागवत राहिल्यानेच देणाऱ्यांचा कामाशी संबंध टिकतो, आणि मलाही ते पटू लागले आहे.

आता एक शेवटची विनंती. कंपनीने दिलेल्या सामंजस्य कराराच्या मसुद्यात पुढील हप्ता मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मिळाल्यावर ‘यथावकाश’ दिला जाईल, असे वाक्य आहे. आमच्याकडे समन्वयकाचा दोन महिन्यांचा पगार आगाऊ देण्याइतकी गंगाजळी नाही. हप्त्याची निश्चित मुदत घालून असा करार कोणी केला असेल, तर त्या कलमाची शब्दरचना येथे द्यावी. नावे व रकमा वगळून दिली तरी चालेल.