मदत हवी आहे: घर बदललं, मंगळवारी प्रायमरी. मी मत कुठे आणि कोणाला देऊ शकते?

सावनी_एनएच
कोणीतरी लवकर सांगा. मंगळवारी, १० सप्टेंबर २०२४ ला आमच्या न्यू हॅम्पशरची प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवायची निवडणूक आहे. उन्हाळ्यात आम्ही नॅशुआ सोडून मेरिमॅकला आलो. अमेरिकी संसदेच्या जागेसाठी डेमोक्रॅट्समधून गुडलँडर की व्हॅन ऑस्टर्न हे मला ठरवायचंय, टीव्हीवर दुसरं काही दिसतच नाही. पण काल पेटीत पत्रकं आली ती सगळी पप्पस यांची! शेजारीण म्हणते, इथे ते दोघं नसतातच. असं कसं? जुन्या केंद्रावर जाऊन मत दिलं तर चालेल का? सरळ हो किंवा नाही सांगा, चर्चा नको.

देशपांडेकाका
आधी एक सांगा, नागरिकत्व झालंय का? ग्रीनकार्डावर मत देणं हा गुन्हा आहे, देशाबाहेरही काढू शकतात. पुष्कळांना वाटतं, कर भरतो म्हणजे मतही देता येतं.

सावनी_एनएच
झालंय हो काका. नाहीतर कशाला विचारलं असतं?

देशपांडेकाका
तुम्ही लिहिलं नव्हतंत, म्हणून विचारलं. रागावू नका.

कुलकर्णी_कॉन्कर्ड
सावनी, काळजी सोडा. मेरिमॅक काउंटी (जिल्हा) दुसऱ्या मतदारसंघात येते, मी तिथेच राहतो. तुम्हाला गुडलँडर मिळणार.

मिलयार्ड
कुलकर्णीसाहेब, भलतंच सांगू नका. मेरिमॅक गाव मेरिमॅक काउंटीत नाहीच! ते हिल्सबरो काउंटीत आहे, नॅशुआसारखंच. आणि काउंटीवरून मतदारसंघ ठरत नाही, तुमच्याच काउंटीतलं हुकसेट पहिल्यात आहे. सावनी, तुम्ही गाव म्हणताय की काउंटी?

सावनी_एनएच
गाव! आउटलेट मॉलच्या जवळ.

मिलयार्ड
मग पहिला मतदारसंघ, सध्या पप्पस यांच्याकडे असलेला. नॅशुआ दुसऱ्यात, आणि शहराची हद्द ओलांडली की मेरिमॅकपासून पहिला सुरू. राज्यात जागाच दोन. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १३,७७,५२९ निघाली, म्हणजे एका जागेला साधारण ६ लाख ८८ हजार माणसं. विधिमंडळाने नवे नकाशे केले, ते गव्हर्नर सुनूनू यांना पटले नाहीत. शेवटी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच रेषा आखली, तीही जुन्या रेषेला जेमतेम हात लावून. मेरिमॅक होतं तिथेच राहिलं.

तेव्हा गुडलँडर आणि व्हॅन ऑस्टर्न तुमच्या मतपत्रिकेवर नसणार. ती लढत अ‍ॅनी कस्टर यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी आहे. कस्टरबाईंनी व्हॅन ऑस्टर्न यांना पाठिंबा दिलाय. जाहिराती तुम्हाला दिसतात कारण टीव्हीला मतदारसंघ कळत नाही.

जुन्या केंद्राचं उत्तर: नाही. जिथे राहता तिथेच मत.

कुलकर्णी_कॉन्कर्ड
हुकसेट मान्य. पण गंमत बघा, गुडलँडर यांचं स्वतःचं घर पोर्ट्समथला, म्हणजे पहिल्या मतदारसंघात. नॅशुआत त्या भाड्याने राहतात. उमेदवाराने राज्यात राहिलं की पुरे, संविधानात मतदारसंघाची अट नाही. मतदाराने मात्र सहा मैल हलू नये!

पेशवा_बॉस्टन
रिपब्लिकनांकडून दुसऱ्या मतदारसंघात विक्रम मनशारामानी उभे आहेत. आपला माणूस आहे, त्यांना द्या.

मिलयार्ड
तेही दुसऱ्याच मतदारसंघात. आणि तुम्ही मॅसॅच्युसेट्सला राहता ना?

पेशवा_बॉस्टन
मत द्यायला राहावं लागतं, सांगायला नाही.

गोंयकार
आमच्या गोव्यातही खासदार दोनच, उत्तर आणि दक्षिण. यंदा उत्तरेत श्रीपाद नाईक आले, दक्षिण काँग्रेसच्या विरियातो फर्नांडिस यांनी घेतली. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन होतो. तुमच्याकडेही तेच करा.

सावनी_एनएच
फॉर्म ८ इथे कुठून आणू?? बरं, पहिला मतदारसंघ समजला. आता नाव कसं घालायचं?

मिलयार्ड
न्यू हॅम्पशरमध्ये ऑनलाइन नोंदणी नाही, आणि टाउन क्लार्ककडे आधी नाव घालायची मुदत आता उलटली. पण मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नोंदणी होते. लायसन्सवर कुठला पत्ता आहे? कोणत्या पक्षात नोंद आहे?

सावनी_एनएच
लायसन्सवर नॅशुआच. पक्ष नाही, अनडिक्लेअर्ड.

मिलयार्ड
हे आधी सांगायचं. लायसन्स ओळखीसाठी न्या, नव्या पत्त्यासाठी भाडेकरार किंवा विजेचं बिल, नागरिकत्वासाठी पासपोर्ट. अनडिक्लेअर्ड असल्यामुळे कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. निघताना परत अनडिक्लेअर्ड होण्याची सही करा. लोक ही सही विसरतात आणि पुढच्या प्रायमरीला अडकतात.

पेशवा_बॉस्टन
पप्पस यांना त्यांच्या पक्षात कोणाचं खरं आव्हान नाही. मग रिपब्लिकन मतपत्रिका घ्या आणि प्रेस्कॉट, नोव्हेलेत्स्की, लेव्हासर यांच्यातला सगळ्यात कच्चा निवडून द्या. नोव्हेंबरला फायदा.

कुलकर्णी_कॉन्कर्ड
ही कसली लोकशाही? कच्चा म्हणून निवडलेला उद्या जिंकला तर दोन वर्षं तोच डोक्यावर.

पेशवा_बॉस्टन
नियमात बसतं ना? मग?

देशपांडेकाका
वरचीच नावं बघू नका. गव्हर्नरपदासाठी दोन्ही पक्षांत खरी चुरस आहे, तेवढ्यावरूनही मतपत्रिका ठरवता येईल. आणि खाली राज्याच्या प्रतिनिधीगृहाची यादी असते. ४०० सदस्य, वर्षाला पगार १०० डॉलर! एकट्या तुमच्या गावातून बरेच जण जातात. माझे शेजारी सदस्य होते, पेट्रोललाच त्याहून जास्त गेले म्हणतात.

गोंयकार
४००?? आमच्या विधानसभेत ४०.

सावनी_एनएच
काका, हे कामाचं निघालं, गव्हर्नरचं डोक्यातच नव्हतं. डेमोक्रॅटिकच घेते. आता नवऱ्याचं. त्याचं नावही अजून नॅशुआतच आहे आणि मंगळवारी तो न्यू जर्सीला कामावर. त्याला टपाली मत मिळेल?

मिलयार्ड
टपाली मतासाठी बाहेरगावी असणं हे कारण चालतं, पण आधी मेरिमॅकच्या यादीत नाव हवं, आणि ती मुदत गेली. त्याला त्या दिवशी स्वतः यावं लागेल. संध्याकाळपर्यंत परततोय का?

सावनी_एनएच
विमान साडेचारला मँचेस्टरला उतरतं.

कुलकर्णी_कॉन्कर्ड
मग जमेल, मँचेस्टरहून मेरिमॅक जवळ आहे. केंद्रं सहसा सातच्या आधी बंद होत नाहीत, तरी तुमचं किती वाजता होतं ते गावाच्या संकेतस्थळावर बघा. पासपोर्ट त्याने बॅगेत टाकला नसेल तर तुम्हीच घेऊन जा.