ऑसेलारिस क्लाउन माशांच्या जोडीसाठी कोणती अ‍ॅनिमनी घ्यावी? (तीन फुटी मरीन टँक)

कोथरूडचा_दर्या
नमस्कार मंडळी. तीन फुटी टँक आहे, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर. दिवाळीत पाणी भरलं. सॅलिनिटी १.०२५, तापमान २६ (चिलर लावलाय), नायट्रेट १०च्या आसपास, केएच (पाण्याची क्षारता) ८.५. आत ऑसेलारिसची जोडी, एक वॉचमन गोबी मासा, थोडे झोआ आणि एक लेदर कोरल (दोन्ही मऊ प्रवाळं).

आता जोडीला अ‍ॅनिमनी (क्लाउन जिच्या धाग्यांत राहतात तो समुद्री जीव) आणायची आहे. दुकानात तीन दाखवल्या: हिरवं कार्पेट, जांभळ्या टोकांची पांढरीशुभ्र सेबी, आणि तपकिरी बबल टिप (धाग्यांच्या टोकांना बोंडं येणारी). दुकानदार म्हणतो कार्पेट घ्या, क्लाउन लगेच बसतील. बायकोला पांढरी आवडली. पैसे एकदाच मंजूर झालेत, पुन्हा मागितले तर मलाच सम्पमध्ये झोपावं लागेल. काय घेऊ?

प्रवाळवेडी
बबल टिप. पण आज नाही.

आधी पांढरीचं सांगते. सेबीचा निरोगी रंग मातकट, तपकिरी असतो. तो रंग तिच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा, आणि तिचं बरंचसं पोट त्या शैवालावरच चालतं. पांढरीशुभ्र म्हणजे शैवाल निघून गेलेली, उपाशी अ‍ॅनिमनी. पिवळीधमक दिसली तर बहुधा रंगवलेली. अनुभवी माणूस तिला कोळंबीचे बारीक तुकडे भरवून, उजेड हळूहळू वाढवून वाचवतो कधीकधी. पहिलीच अ‍ॅनिमनी म्हणून ती घेऊ नका. वहिनींना सांगा, हे गोरेपण नव्हे, आजारपण आहे.

कार्पेटबद्दल दुकानदार अर्धं खरं बोलतोय. समुद्रात ऑसेलारिस तीन अ‍ॅनिमनींत राहतात: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. यातल्या शेवटच्या दोन कार्पेटच. पण दुकानात हिरवं कार्पेट म्हणून मिळतं ते बहुतेक हॅडोनी, आणि ते या यादीत नाही. शिवाय हॅडोनीला पाय रोवायला चार-पाच इंच वाळू लागते आणि ती अर्ध्या मीटरच्या वर पसरते. तीन फुटी टँकमध्ये मग दुसरं काय ठेवणार? तिच्या चिकटपणाचा अंदाज घ्यायचा तर दुकानदाराला बोट लावायला सांगा. सोडवताना कातडी ओढली जाते. तुमची गोबी तळाशी वावरणारी. एका रात्री त्या गालिच्यावर टेकली की संपली.

मॅग्निफिका कोणी दाखवली तरी मोहात पडू नका. दिसायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण प्रचंड उजेड आणि प्रवाह मागते, मनासारखी जागा मिळेपर्यंत टँकभर फिरते, आणि मोठी झाली की मीटरभर होते.

वाशीचा_खेकडा
+१ बबल टिपला. एक भर घालतो. समुद्रात ऑसेलारिस बबल टिपमध्ये राहत नाहीत. मरून आणि टोमॅटो क्लाउनचं ते घर. टँकमध्ये मात्र ऑसेलारिस बहुतेकदा ती स्वीकारतात. कोणी तासाभरात शिरतात, कोणी सहा महिने ढुंकून बघत नाहीत. हॅचरीत वाढलेल्या पिल्लांनी तर अ‍ॅनिमनी कधी पाहिलेलीच नसते. 'लगेच बसतील' अशी हमी देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये असं माझं मत.

दुबईकर_मालवणी
अहो, पण अ‍ॅनिमनी हवीच कशाला? टँकमध्ये क्लाउनला पळवून लावणारं कोणी नसतं, तिच्याशिवाय ते मजेत जगतात. टॉर्च किंवा हॅमर कोरल लावा. माझी जोडी टॉर्चमध्येच लोळते.

प्रवाळवेडी
दादा, तुमच्याकडे ठीक असेल. भारतात टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही सगळी कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. दुकानात मिळतात हे खरं, पण मी तो सल्ला देणार नाही. लेदर कोरल त्यांच्याकडे आहेच, तिच्यात शिरले तर शिरले.

वाशीचा_खेकडा
अ‍ॅनिमनी आणण्याआधी वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंख्याचं) बघा. नुसती प्लास्टिकची जाळी पुरत नाही, वर बारीक फोमचं आवरण हवं. अ‍ॅनिमनी रात्री सरकते आणि पंख्यात ओढली जाते. मित्राकडे हे झालेलं मी पाहिलंय: सकाळी पाणी ताकासारखं पांढरं, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू चाललेला, मासे वर येऊन धापा टाकतायत. तसं झालंच तर तुकडे काढायचे, निम्मं पाणी बदलायचं, फिल्टरमध्ये कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) टाकायचा, आणि हे लगेच.

कोथरूडचा_दर्या
सगळ्यांचे आभार. पांढरीचा विषय घरी मिटला. दोन शंका: 'आज नाही' म्हणजे कधी? आणि दुकानातली बबल टिप चांगली आहे हे ओळखायचं कसं? तिच्या टोकांना बोंडं नव्हतीच, नुसते लांब धागे होते.

प्रवाळवेडी
बोंडं नसली तरी घाबरू नका. एकाच अ‍ॅनिमनीला ती येतात-जातात.

बघायचं ते तोंड आणि पाय. तोंड घट्ट मिटलेलं हवं. सैल लोंबत असेल, आतलं बाहेर येत असेल तर परत फिरा. पायाला फाटलेलं चालत नाही. दगडावरून खरवडून काढताना पाय फाटतो आणि नंतर तिथूनच सडतो, म्हणून ती दगडाला चिकटलेली असेल तर दगडासकट मागा. धागे बोटाला किंचित चिकटले पाहिजेत. दुकानात आल्याच्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर तिथेच फुगलेली राहिली तर घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या हौशी माणसाकडचा तुकडा. बबल टिप मधोमध फाटून एकाच्या दोन होतात, त्यामुळे जुन्या टँकवाल्यांकडे जास्तीच्या निघतात. घरच्या पाण्यात आणि एलईडीखाली वाढलेली असते, समुद्रातून नवीन उपटावी लागत नाही. पुण्या-मुंबईत विचारत राहा.

कधी आणायची? टँकला वर्ष होऊ द्या असं बरेच जण सांगतात. नायट्रेट आणि केएच दोन-तीन महिने हलले नाहीत तर मी त्याआधीही हो म्हणेन. पण तुमच्यापुढे पुण्याचा एप्रिल-मे आहे. वीज जाते तेव्हा चिलर बंद, पंपही बंद. निदान एक वेव्हमेकर आणि एअरपंप इन्व्हर्टरवर घ्या, उन्हाळा निभावतोय का ते पाहा, आणि पावसाळ्यात आणा.

वाशीचा_खेकडा
हे पटलं. आणल्यावर खोल फट असलेल्या दगडाजवळ सोडा. पाय अंधारात, धागे उजेडात, अशी जागा ती स्वतः शोधते. पाय धरेपर्यंत वेव्हमेकर बंद, फक्त रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर आणणारा) चालू. झोआ आणि लेदर दुसऱ्या टोकाला न्या, नाहीतर तिच्या डंखाने भाजतील. जागा बदलली तर बदलू द्या, हात घालून परत आणू नका. पहिले काही दिवस खायला नको. नंतर आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा, बिनमिठाचा.

कोथरूडचा_दर्या
म्हणजे जूनपर्यंत थांबतो. तोवर फोम आणि इन्व्हर्टर. ठाण्या-मुंबईकडे कोणाची बबल टिप फाटली तर कळवा, डबा घेऊन येतो.

दुबईकर_मालवणी
डबा नको, थर्माकोलचा खोका आणा. आणि खोपोलीच्या घाटात एसी बंद करू नका.