मदत हवी आहे: लॉगआउट केल्यावरही पासवर्ड आणि टोकन मेमरीत सापडतंय

सुटेना_गाठ
तीन दिवस झाले, गाडी एकाच जागी अडकली आहे. आमच्या डेस्कटॉप ॲपमध्ये लॉगिन आणि त्यापुढचे बरेच स्क्रीन वेबचे आहेत. ग्राहकाने सुरक्षा तपासणी करून घेतली. तपासणाऱ्यांनी लॉगआउटनंतर मेमरी डंप (चालू प्रोसेसच्या मेमरीची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल) काढला, त्यात शोध मारला, तर पासवर्ड चक्क उघडा. टोकनही, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर ओळखीसाठी देतो ती खूण. व्हेरिएबल नल करून झाली, डिलीट करून झाली, लॉगआउटला पान अबाउट ब्लँकवर नेलं, फरक शून्य. जावास्क्रिप्टमध्ये मेमरी पुसायची कशी, एवढंच सांगा. शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे.

तळघर
वेबचे स्क्रीन आत कशाने दाखवता: इलेक्ट्रॉन, वेबव्ह्यू२ की सीईएफ? विंडोज की मॅक? डंप कोणत्या प्रोसेसचा? असल्या ॲपमागे एक प्रोसेस नसते, पाच-सहा तरी असतात. हे कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

ओली_शाई
जावास्क्रिप्टमध्ये पुसता येत नाही. तिथली स्ट्रिंग (मजकूर) बदलताच येत नाही, मग तिच्यावर शून्यं लिहिणार कशी? नल केल्याने तुमचा तिच्याशी संबंध तुटतो, अक्षरं जागच्या जागी राहतात. त्यात व्ही८चा (क्रोमियमच्या जावास्क्रिप्ट इंजिनचा) गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग, नव्या वस्तूंची दुसऱ्या जागी नक्कल करतो. जुन्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथलं वाचता येऊ शकतं. म्हणजे तुम्ही एकदा ठेवलेली गोष्ट दोन-तीन ठिकाणी असू शकते आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

लोखंडी_पेटी
हे सगळं सोडा आणि टाउरीवर या, रस्ट भाषेत डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन आहे ते. रस्टमध्ये झीरोआइझ नावाचं क्रेट (लायब्ररी) आहे, व्हॅल्यू सोडताना मेमरी शून्य करतं. आम्ही गेल्या वर्षी सगळं तिकडे नेलं, मागे वळून पाहिलं नाही.

तळघर
@लोखंडी_पेटी, टाउरी विंडोजवर वेबव्ह्यू२च वापरतं आणि मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू. पासवर्डची चौकट वेबपानात असेल तर रस्ट मागे बसून काय करणार? ज्या मेमरीत अक्षरं पडली आहेत ती त्याच्या ताब्यातच नाही.

लोखंडी_पेटी
वेबच्या बाजूचं मान्य. पण होस्टच्या, म्हणजे वेबपान आत बसवणाऱ्या मूळ ॲपच्या, बाजूला फरक पडतोच ना. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये स्ट्रिंग हातात आली की तिथेही हीच रड.

सुटेना_गाठ
डॉटनेटच आहे. विंडोज, वेबव्ह्यू२. मला वाटलं लिहिलंय. डंप टास्क मॅनेजरमधून काढला. भाषा बदलायला वेळ नाही, कृपया आहे त्यात सांगा.

घडीव
डॉटनेट असेल तर सिक्युअरस्ट्रिंग (मजकूर मेमरीत एन्क्रिप्ट करून ठेवणारा प्रकार) वापरा, विषय संपला.

ओली_शाई
नाही संपला. नव्या कामात सिक्युअरस्ट्रिंग वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. विंडोज सोडून इतरत्र त्यात एन्क्रिप्शनही होत नाही. आणि वेबपानातून निरोप येतो तो साध्या स्ट्रिंगमध्येच. आधी उघडी स्ट्रिंग, मग तिची बंद पेटीत नक्कल, याने साधलं काय?

घडीव
उघडं राहण्याचा वेळ तरी कमी होतो. आमच्या तपासणीत ते चाललं होतं.

निरंजन_दिवा
टोकन डिस्कवर ठेवताना विंडोजचं डीपीएपीआय (युजरच्या खात्याशी बांधलेलं एन्क्रिप्शन) वापरा. इलेक्ट्रॉनमध्ये सेफस्टोरेज आहे, ते विंडोजवर डीपीएपीआय आणि मॅकवर कीचेन वापरतं. लिनक्सवर मात्र सांभाळून: तिथे कीरिंग (गुपितं सांभाळणारी सेवा) सापडली नाही तर ते कोडमध्येच लिहिलेल्या ठरावीक पासवर्डने एन्क्रिप्ट करतं, म्हणजे काहीच केलं नाही म्हणा. आधी कोणता प्रकार निवडला गेलाय ते तपासा.

सुटेना_गाठ
मी डिस्कवर काहीच ठेवत नाही. प्रश्न मेमरीचा आहे.

दूरचा_डोंगर
थोडं वेगळं मत. तुमच्या प्रोसेसचा डंप ज्याला काढता येतो तो त्या युजरच्या खात्यात आधीच शिरलेला आहे. तो किबोर्डवरचं टिपू शकतो, स्क्रीन बघू शकतो. क्रोमियमची (वेबव्ह्यू२ ज्या ब्राउझरवर उभं आहे त्याची) अधिकृत भूमिकाही हीच आहे की युजरच्या हक्कांनिशी मशीनवर चालणाऱ्या हल्लेखोराला ब्राउझर थोपवू शकत नाही. अहवालात तसं लिहा आणि सोडून द्या.

तळघर
@दूरचा_डोंगर, भूमिका बरोबर, निष्कर्ष पटत नाही. डंप फक्त हल्लेखोर काढतो का? ॲप कोसळलं की क्रॅश डंप बनतो, कोणाच्यातरी सर्व्हरवर जातो. सपोर्टवाले युजरला सांगतात, डंप काढून मेल करा. डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये मेमरीचे तुकडे (पानं) जातात. मेमरी तिथे जाऊ न देणारा व्हर्च्युअललॉक लावून पेजफाइल टळेल, पण मशीन हायबरनेट झालं की सगळी मेमरी डिस्कवर उतरते, तिथे तो लॉक कामाचा नाही. पासवर्ड मशीनबाहेर जायला चोर लागतच नाही. हे मी स्वतः पाहिलंय. सपोर्टच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ग्राहकांचे दोनशेवर डंप पडलेले होते, आणि तो फोल्डर सगळ्या टीमला उघडा होता. त्या रात्री झोप लागली नाही.

दूरचा_डोंगर
क्रॅश डंपचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात नव्हता.

बोरूबहाद्दर
अवांतर: २०२३ मध्ये कीपास २ या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये निघालेली चूक आठवली. त्यांची पासवर्डची चौकट स्वतः बनवलेली होती, तरी प्रत्येक अक्षर टाइप करताना डॉटनेट एक उरलीसुरली स्ट्रिंग मागे ठेवत होतं: ठिपके आणि शेवटी ते एक अक्षर. ते तुकडे डंपमधून जोडून पहिलं अक्षर सोडून अख्खा मास्टर पासवर्ड उभा करता यायचा. २.५४ मध्ये दुरुस्ती आली. ज्यांचं अख्खं कामच पासवर्ड सांभाळणं आहे त्यांच्याकडून हे निसटलं.

ओली_शाई
हे अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. @सुटेना_गाठ, तुमच्या लॉगिन पानात रिअॅक्ट वगैरे जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे का? प्रत्येक अक्षराला स्टेट (पानाने लक्षात ठेवलेला मजकूर) बदलत असाल तर पहिलं अक्षर, पहिली दोन, पहिली तीन अशा स्ट्रिंगा तयार होत जातात. चौकटीतल्या मजकुराची इंजिनकडची प्रत निराळी, ती व्ही८च्या बाहेर असते.

सुटेना_गाठ
रिअॅक्ट आहे. आणि हो, तसंच दिसतंय डंपमध्ये! एकाखाली एक, वाढत जाणारा पासवर्ड. मला वाटलं शोधायच्या टूलचाच घोळ आहे.

तळघर
आता नीट मोजा. चाचणीसाठी इतरत्र कुठेही येणार नाही असा पासवर्ड घ्या. प्रत्येक प्रोसेसचा वेगळा डंप काढा: तुमची मुख्य, मग वेबव्ह्यू२च्या ब्राउझर, रेंडरर (पान चालवणारी), नेटवर्क. शोध दोन प्रकारे करा. इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग व्ही८मध्ये बहुधा अक्षरामागे एक बाइट घेते, डॉटनेटमध्ये दोन. एकच प्रकार शोधलात तर अर्धं चित्र दिसेल. होस्टमध्ये दोन बाइटवाली सापडली तर आधी स्वतःच्या कोडकडे बघा.

सुटेना_गाठ
मोजलं. रेंडररमध्ये नऊ, नेटवर्कमध्ये एक, आमच्या मुख्य प्रोसेसमध्ये चार, चारही दोन बाइटवाल्या. पान पासवर्ड आम्हाला जेसन निरोपात पाठवतं आणि पुढची सर्व्हरची विनंती आम्ही करतो. नेटवर्कमध्ये एक कशी गेली ते कळत नाही, जुना फॉर्म असावा, बघतो. पण मुद्दा असा की लॉगआउटनंतर व्ह्यू बंद केला तरी रेंडररमधल्या नऊ तशाच. बंद केल्यावर प्रोसेस मरायला नको का?

तळघर
ॲपमध्ये दुसरा एखादा वेबव्ह्यू आहे का? एकच युजर डेटा फोल्डर वापरणारे सगळे व्ह्यू एका ब्राउझर प्रोसेसखाली चालतात, आणि एकाच साइटची पानं एका रेंडररमध्ये बसू शकतात.

सुटेना_गाठ
मदतीचं पान. कायम उघडं असतं. त्याच साइटवरून येतं.

तळघर
मग तेच त्या रेंडररला जिवंत ठेवत असणार. लॉगिनला वेगळा डेटा फोल्डर द्या. काम झालं की व्ह्यू बंद करा आणि ब्राउझर प्रोसेस संपल्याचा इव्हेंट येईपर्यंत थांबा. संपलेल्या प्रोसेसची मेमरीतली पानं विंडोज शून्य केल्याशिवाय दुसऱ्याला देत नाही. पुसण्याची खात्रीची रीत तुमच्या हातात ही एवढीच आहे: प्रोसेस मारणं.

मधली_वाट
उशिरा आलो. पासवर्ड तुमच्या ॲपमध्ये यायलाच का हवा? २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की नेटिव्ह ॲपने ओऑथचं (ॲपला पासवर्ड न देता परवानगी देण्याच्या पद्धतीचं) लॉगिन आत बसवलेल्या वेबव्ह्यूत करू नये, युजरच्या ब्राउझरमध्ये करावं. उत्तर लूपबॅक पत्त्यावर (मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर) घ्या, सोबत पीकेसीई, म्हणजे मधेच चोरलेला लॉगिन कोड निरुपयोगी करणारी जोड. तुमच्या चौदाच्या चौदा नकला मुळातच होणार नाहीत. टोकन होस्टमध्येच ठेवा, पानाला देऊ नका. पानाच्या विनंत्या बाहेर जाताना वेबरिसोर्सरिक्वेस्टेड इव्हेंटमध्ये टोकनचं हेडर तिथेच जोडा, फक्त आपल्या सर्व्हरच्या पत्त्यापुरतं. जावास्क्रिप्टला टोकन दिसणारही नाही.

ओली_शाई
पूर्ण सहमत. एक भर: हेडर स्ट्रिंगच घेतो, त्यामुळे होस्टमध्ये आणि ब्राउझर-नेटवर्कच्या बाजूला टोकनच्या नकला उरतीलच. स्वतःच्या हातातले बाइट पिन केलेल्या (गार्बेज कलेक्टर हलवू शकत नाही अशा) ॲरेमध्ये ठेवून काम झाल्यावर शून्य करा, पण टोकन मेमरीतून समूळ जाईल असं ग्राहकाला लिहून देऊ नका.

मधली_वाट
आणि लॉगआउटनंतर ते डंपमधलं टोकन सर्व्हरवर चालतं का, हे कोणी विचारलंच नाही. तपासलंत का?

सुटेना_गाठ
आत्ता तपासलं. डंपमधून टोकन उचललं, दुसऱ्या मशीनवरून विनंती पाठवली. चाललं. आमचं लॉगआउट सर्व्हरला काही कळवतच नाही. टोकनची मुदत आठ तास.

मधली_वाट
मग आज हेच करा, बाकी सगळं नंतर. लॉगआउटला सर्व्हरवर टोकन रद्द, मुदत काही मिनिटांवर.

सुटेना_गाठ
गुरुवार रात्रीची स्थिती सांगतो, इतक्या लोकांनी वेळ दिला म्हणून. सर्व्हरवर टोकन रद्द होतंय, डंपमधल्या टोकनला आता ४०१, म्हणजे नकार, मिळतो. लॉगिन वेगळ्या फोल्डरवर नेलं, लॉगआउटनंतर तो रेंडरर यादीत दिसत नाही. पासवर्ड मुख्य प्रोसेसमध्ये चारवरून एकवर आला. राहिलेली एक आमच्याच लॉगच्या बफरमध्ये निघाली: येणारा प्रत्येक निरोप जसाच्या तसा लिहिणारी ओळ, कधीतरी तपासासाठी मीच टाकलेली. ती काढली, आणि तीच ओळ प्रत्यक्ष फाइलमध्येही लिहीत होती, त्यामुळे आता ग्राहकाकडच्या जुन्या लॉग फाइल्स पुसायची सूचनाही अहवालात जाईल. ब्राउझरमधून लॉगिनचं काम पुढच्या आवृत्तीत, तारखेसकट लिहून देतोय.