शांतिसेना म्हणावं की शांतिरक्षक?

नमस्कार मंडळी, नववीच्या पोरांसाठी जपानवर टिपण लिहून राहिलो, परदेशात शांतता राखायला आपले सैनिक पाठवायले तिथली जनता कशी राजी झाली ह्यावर. सगळीकडे 'शांतिसेना' लिहिलं. बाबा म्हणे, शांतिसेना तं पवनारच्या विनोबांची, तिच्याकडं बंदुका कुठच्या? आता कोणता शब्द ठेवू?

—

बाबा बरोबर बोलले सर. विनोबांनी 1957 मध्ये काढलेली शांतिसेना बिनहत्याराची, दंगा पेटला की मधात जाऊन उभं राहायचं. मंग 1987 ले श्रीलंकेत आपली फौज गेली तिलेही शांतिसेनाच म्हटलं, पण ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती, अन् तिथं लढाईत आपले हजारावर जवान गेले. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्यांसाठी 'शांतिरक्षक' लिहा.

—

जपाननं तं नाव ठेवतानाच लोकांचा विचार केला. त्यायच्या संविधानाच्या 9 व्या कलमात युद्ध सोडलेलं, म्हणून फौजेलेही 'स्वसंरक्षण दल' म्हणतात. 1991 च्या आखाती युद्धासाठी 13 अब्ज डॉलर दिले तरी कुवेतच्या आभाराच्या जाहिरातीत जपानचं नाव नव्हतं, ते फार लागलं त्यायले. मंग परदेशात शांतिरक्षक पाठवायले 1992 मध्ये कायदा केला, त्याच्या नावात 'शांतता सहकार्य' आहे, सेना नाही, अन् तेव्हा अटी कडक होत्या, आधी युद्धबंदी पाहिजे, दोन्ही बाजूंची संमती पाहिजे, हत्यार फक्त जीव वाचवायले.

तरी विरोधक संसदेत मत टाकायले इतके हळू चालले की एकेका मतदानाले तासन् तास लागले. ह्याले तिकडं 'ग्युहो' म्हणतात, म्हणजे बैलाची चाल. सर, इथं 'कासवगती' लिहू नका हो! कासव बिचारं जमेल तेवढं चालते. दुपारी डवऱ्याचा, म्हणजे कोळप्याचा बैल पाहा, तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, पाय उचलते, तिथंच ठेवते, मान हलवते, थांबला असं म्हणताही येत नाही अन् तास काही सरत नाही. त्याची मर्जी नाही हे त्या पायातच दिसते. 'बैलचाल'च लिहा. कायदा शेवटी झाला, त्याच वर्षी सुमारे 600 जवान कंबोडियात रस्ते-पूल दुरुस्त करायले गेले, अन् ते काम पाहून पुढं लोकांचं मत हळूहळू वळलं.

—

लय आभार ताई, काका. 'शांतिरक्षक' करतो, शांतिसेना विनोबांचीच राहू देतो. 'बैलचाल' पोरांना समजावून सांगाच लागणार नाही, अर्धा वर्ग सध्या डवरणीवर आहे.