सोळा वर्षांच्या पोराला सगळं कळतं म्हणे

कळव्याची_ताई: काल इथे एकाने लिहिलं, "सोळा-सतराची पोरं एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) विकतात, त्यांना सगळं कळतं, बिचारी म्हणू नका, मोठ्यांसारखं आत टाका." दादा, मी क्लास घेते. दहावीतला एक मुलगा, वडील रिक्षा चालवतात. आधी वडापाव फुकट, मग जुना मोबाईल, मग "ही पुडी तेवढी तलावपाळीला दे, दोनशे घे". महिन्याभरात पुडी वाटेत कोणीतरी हिसकावली, आणि हिसकावणारे पुडी देणाऱ्यांचेच होते हे नंतर कळलं. तोवर आठ हजार अंगावर. वहीच्या मागच्या पानावर फेऱ्यांचा हिशोब लिहायचा, गणितं तपासताना मला दिसला. हा धंदा नाही, वेठबिगारी आहे.

वाशीकर_७४: नाही म्हणायचं ना मग. आमच्या सोसायटीत घरचं सगळं असलेला सापडला, त्याच्याकडून कोणी काय हिसकावलेलं?

ऐरोलीचा_बंड्या: पोरांना मैदान ठेवलंत का? आमच्या सेक्टरचं टर्फ झालं, तासाला बाराशे, मग पोरं कठड्यावर बसणार नाहीतर काय.

वाशीकर_७४: आले मैदानवाले! टर्फ स्वच्छ तरी असतं, आधी बाटल्या पडायच्या.

ऐरोलीचा_बंड्या: बाटल्या कोणाच्या, पोरांच्या की तुमच्या वयाच्यांच्या? आम्ही टेनिस बॉलवर अनवाणी खेळलो तिथे, आता वॉचमन हाकलतो.

वाशीकर_७४: वयावर जाऊ नका, आधीच सांगतो.

कोर्टनाका: मैदान नंतर भांडा हो. एमडी २ ग्रॅमपर्यंत असेल तर शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष, ५० ग्रॅमच्या वर गेलं की किमान १० वर्षं. म्हणून पोराच्या खिशात कायम चिमूटभर, तो गेला की दुसरा उभा. मुलाला माल वाहायला लावणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५, कलम ७८, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे की. पण त्यासाठी पोराने नाव घ्यायला हवं, आणि घर त्याच गल्लीत.

वाशीकर_७४: बरं बाबा, ताईंचा तो बिचारा. आमच्यावाला नाही म्हणजे नाही, त्याला बाईकचे हप्ते फेडायचे होते.

कळव्याची_ताई: म्हणजे उधारीच ना? असो. आमच्याला मामाकडे चिपळूणला पाठवलाय, प्रीलिम बुडाली. परवा दोघं क्लासखाली येऊन विचारून गेले, "तो येतो का अजून?"

वाशीकर_७४: क्लास कितीला सुटतो? ठाण्याहून येताना आठला मी कळव्यावरूनच जातो, थांबेन. टर्फवाल्याने मध्ये बोलू नये.