विषय: लढाईवरून आलेलं मोडी पत्र – तारीख लागली, पण पटत नाही

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धात एका शिपायाने घरी पाठवलेल्या पत्राचे फोटो जोडले आहेत. एकच कागद आहे, पण दोन्ही बाजूंनी मोडीत लिहिलेला. अक्षर जांभळट पेन्सिलीचं. चार घड्या पडल्यात आणि मधली ओळ नेमकी घडीत गेली आहे. लागलेला मजकूर असा: "तीर्थरूप … वडिलांचे सेवेसी", "पलटण नंबर ११०", "शके १८३७", "माघ शु. ५". शकाच्या आकड्यानंतर एक शब्द आहे, तो लागत नाही. चौथ्या ओळीपासून अक्षरं सलग असल्यामुळे शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. रकमेच्या जागी "१०।।" असं दिसतं. ओल्या कापसाने हलकं पुसलं तर अक्षर उठेल का?

———

ताई, पाणी अजिबात लावू नका! ही साधी शिसपेन्सिल नाही, कॉपिंग पेन्सिल आहे. तिच्या शिशात ॲनिलिनचा रंग मिसळलेला असतो. कोरडी असेपर्यंत राखाडी दिसते आणि ओल लागली की जांभळी होऊन पसरते. पसरलेला रंग परत मागे घेता येत नाही. खालच्या कोपऱ्यातला जांभळा ढग हा त्याच ओलीचा. तोंडाची वाफसुद्धा कागदावर जाऊ देऊ नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच.

घड्या ठिसूळ असतील तर स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका, कॅमेरा वर धरून फोटो काढा. स्कॅन करता येत असेल तर ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागची अक्षरं पुढे उमटणार नाहीत. मग फोटो एडिटरमध्ये फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल (रंगांचे थर) सुटे करा. हिरव्यात जांभळं अक्षर सगळ्यात गडद येतं. डाग पडलेल्या जागी मात्र लाल चॅनल बघा. तिथे जांभळा रंग जवळजवळ नाहीसा होतो आणि खालची ग्रॅफाइटची रेघ उरते. घडीतल्या ओळीसाठी खोलीत अंधार करून दिवा कागदाच्या पातळीला, एका कडेला ठेवा. रंग गेला असला तरी पेन्सिलीच्या दाबाचा चर उरतो आणि त्याची सावली पडते. चारही कडांनी एकेक फोटो घ्या. आडवी रेघ एका बाजूच्या उजेडात दिसते, उभी दुसऱ्या.

———

शब्द तोडण्याबद्दल. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं तिला टांगत जातो, त्यामुळे शिरोरेषेवरून शब्द तुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, अनुस्वार बरेचदा गाळलेला. म्हणून छापील तक्त्याशी एकेक अक्षर ताडत बसू नका. मजकूर आधीच ठाऊक असलेली ओळ शोधा. जुन्या पत्रात ती हमखास सापडते: "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे". शेवटाकडे "मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद". एवढ्या दोन ओळींतून पंधरा-वीस अक्षरं याच हाताची, याच वळणाची मिळतात. ती कापून वहीत लावा, तोच तुमचा तक्ता. 'र'ला वेगळा रकाना ठेवा, कारण शेजारच्या अक्षराप्रमाणे तो रूप बदलतो.

तरीही एखादा तुकडा अडला तर तो मोठ्याने वाचा. इंग्रजी शब्द कानाला ऐकू आला तसा लिहिलेला असतो. मराठी शब्द समजून शोधलात तर सापडणार नाही. आणखी एक: पुष्कळ शिपाई पत्र दुसऱ्याकडून लिहून घेत. सही किंवा शेवटची ओळ वेगळ्या हाताची आहे का, तेवढं पाहा.

"१०।।" म्हणजे साडेदहा रुपये. एक उभा दंड चार आणे, दोन आठ, तीन बारा. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता, म्हणजे ही रक्कम त्याच्या घरासाठी लहान नव्हती.

———

माझं अडतंय ते तारखेवर. शके १८३७ चा माघ म्हणजे फेब्रुवारी १९१६ (चैत्र ते डिसेंबर शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९). पण त्या महिन्यात ११० वी मराठा पलटण, १०३ आणि ११७ यांच्यासह, कुत-अल-अमाराला (आजच्या इराकमध्ये) तुर्कांच्या वेढ्यात होती. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला. आतून बिनतारी संदेश जात होते, पण नेहमीचं टपाल बंद होतं. तेव्हा हा माणूस पलटणीपासून लांब, इस्पितळात किंवा डेपोत असला पाहिजे, नाहीतर आकडा चुकलाय. ७ आणि ९ घडीवर आले की एकमेकांसारखे दिसतात.

ताई, शकानंतरचा तो न लागलेला शब्द संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या त्या वर्षाचं, नाव असणार. १८३७ राक्षस, १८३८ नल, १८३९ पिंगल. आकड्यापेक्षा अक्षरांवर विश्वास ठेवा.

———

काका, हिरव्या चॅनलमध्ये शब्द उघडला. शेवटचं अक्षर "ल" आहे, "कुशल"मधल्या "ल"शी तंतोतंत जुळतं. पहिल्या अक्षराला वेलांटी आहे. "राक्षस" नक्कीच नाही, आणि "नल"ला वेलांटी येत नाही. कडेच्या उजेडात आकड्याची शेपटीही ९ चीच दिसते. गावाचं नाव मजकुरात कुठेच नाही.

———

मग पिंगल, शके १८३९, म्हणजे फेब्रुवारी १९१८. कुतला शरण गेलेल्या पलटणी नव्याने उभ्या केल्या होत्या, त्यामुळे ११० आकडा आता खटकत नाही. गाव नसणारच, ठिकाण लिहायला सेन्सॉरची बंदी होती. पाकीट असेल तर त्यावरच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या (लष्करी टपाल कचेरीच्या) शिक्क्यातला क्रमांक वाचा, ठिकाण त्यावरूनच काढता येईल. तो माणूस परतला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा. तिथे बरेचदा बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हांनी करून बघा. पुढे सैन्यात राहिला असेल तर १९२२ नंतरच्या कागदांत ११० सापडणार नाही. त्या वर्षी ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली.