मदत हवी आहे: अर्जात ‘पास्ड आउट’ लिहावं की नको?

भाची पुण्यातून मेकॅनिकल झालीय, आता अमेरिकेत एमएससाठी अर्ज भरतेय. एसओपीच्या (अर्जासोबत द्यायच्या निबंधाच्या) पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिलंय, ‘आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज इन २०२३’. तिकडे राहणाऱ्या मावसभावाने ते वाचून विचारलं, “कॉलेजात चक्कर येऊन पडलीस की काय?”

भाची ऐकायला तयार नाही. म्हणते, आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘२०२३ पासआउट’ सर्रास असतं. शिवाय खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, तिथे काय सगळे कॅडेट बेशुद्ध पडतात? मला तरी हा मुद्दा बिनतोड वाटतो. जाणकारांनी सांगावं. बारावीसाठी काय लिहायचं तेही सांगा.

प्रतिसाद:
परेडचा मुद्दा खरा, पण तो गणवेशातल्यांपुरता. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करणं म्हणजे ‘पास आउट’. कॉलेजला तो आपण भारतीयांनी लावला, आणि इथे तो छान रुळलाय. अमेरिकन माणूस मात्र ‘पास आउट’ म्हटलं की शुद्ध हरपली असंच समजतो, बरेचदा दारूने. त्यात ‘फ्रॉम’ने घोळ वाढतो. ‘पास्ड आउट फ्रॉम द हीट’ म्हणजे उकाड्याने घेरी आली. त्याच चालीवर वाचलं तर तुमच्या भाचीला कॉलेजमुळे घेरी आली!

तिसरा अर्थ वाटणे. ‘शी पास्ड आउट द पेपर्स’, तिने पेपर वाटले. इथे सर्वनाम आलं तर ते मधेच घालावं लागतं, ‘पास्ड देम आउट’. घेरीच्या अर्थाला कर्मच नसतं.

तेव्हा सरळ ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहा. यातला ‘फ्रॉम’ गाळू नका, काही अमेरिकन बोलताना गाळतात तरी. बारावीला ‘कम्प्लीटेड ट्वेल्थ ग्रेड’ पुरे. पुण्यातल्या कंपनीला सीव्ही पाठवताना पासआउट खुशाल राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार! भाची आता ‘आउट’ काढून नुसतं ‘पास्ड कॉलेज’ ठेवू म्हणतेय. चालेल?

प्रतिसाद:
नको हो. परीक्षा ‘पास’ करतात, कॉलेज नाही. ‘आय पास्ड द कॉलेज’ म्हणजे वाटेत कॉलेज लागलं, मी पुढे गेले.